दिसायला देखणी, खायला फिकी: नवलाईची फळे अपेक्षाभंग का करतात?

गंगापूररोडकर यांचा प्रश्न

नमस्कार. गेल्या काही वर्षांत नाशिकच्या कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवरच्या फळांच्या दुकानांत ड्रॅगन फ्रूट, अ‍ॅव्होकॅडो, किवी आणि ब्लूबेरी ही फळे सर्रास मांडलेली दिसतात. मुलांना त्यांच्या रंगरूपाचे अप्रूप वाटते, म्हणून आमच्या घरीही ती आणली जातात आणि बहुतेक वेळा बशीत तशीच उरतात. ड्रॅगन फ्रूटची गुलाबी साल, आतला पांढराशुभ्र गर आणि त्यातले काळे दाणे पाहून जी उत्सुकता वाटते, ती पहिल्या घासालाच संपते, कारण पाणचट गोडीपलीकडे जिभेला काहीच जाणवत नाही. अ‍ॅव्होकॅडो कधी सुरीलाही दाद देत नाही इतका कडक असतो, तर कधी आतून काळा पडलेला निघतो. किवी आंबटढाण असतो आणि त्याचे मिल्कशेक केले तर थोड्या वेळात कडू होते. गडद लाल, चकचकीत अमेरिकन सफरचंद चावल्यावर पिठूळ लागते.

माझ्या सासूबाईंचे मत असे आहे की, जे फळ आपल्या मातीतले नाही ते आपल्या जिभेला रुचायचे नाही. त्यांच्या अनुभवाचा मी आदर करते, पण हे कारण मला पुरेसे वाटत नाही. पेरू, सीताफळ, पपई, चिकू, टोमॅटो आणि मिरची ही सगळी मूळची अमेरिका खंडातली असून पोर्तुगीजांच्या काळापासून इकडे रुजली, आणि आज त्यांच्यावाचून आपले स्वयंपाकघर चालत नाही. म्हणजे परकेपणा हे खरे कारण नसावे.

जाणकारांना माझे विचारणे असे आहे की, यातले कोणते पदार्थ मुळातच सामान्य चवीचे आहेत आणि कोणते आपल्यापर्यंत पोहोचेपर्यंत बिघडतात किंवा आपण चुकीच्या पद्धतीने खातो? फळांखेरीज दुसऱ्या एखाद्या पदार्थाने आपली अशी निराशा केली असेल तर तेही कारणासह लिहावे. नुसते ‘मला आवडले नाही’ एवढे कळून फारसा उपयोग होणार नाही.

निफाडचा द्राक्ष बागायतदार यांचे उत्तर

ताई, तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर फळ झाडावरून कधी उतरवले यात आहे. फळांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. आंबा, केळी, चिकू, सीताफळ, किवी आणि अ‍ॅव्होकॅडो ही फळे काढल्यानंतरही पिकतात. त्यांच्यातील पिष्टाची साखर होते किंवा गर मऊ होऊन स्वाद तयार होतो. द्राक्ष, स्ट्रॉबेरी, डाळिंब, लिंबूवर्गीय फळे आणि तुम्ही लिहिलेले ड्रॅगन फ्रूट यांचे तसे नाही. ती वेलीवरून किंवा झाडावरून तोडली त्या क्षणी जेवढी गोड असतील तेवढीच राहतात. पुढे त्यांचा रंग गडद होईल, ती मऊ पडतील, पण गोडी वाढणार नाही. या दुसऱ्या वर्गातले फळ जर दूरच्या बाजारासाठी आधीच तोडले असेल, तर ग्राहकाने ते घरी कितीही दिवस ठेवले तरी निराशाच पदरी पडते.

आमच्या द्राक्षांचेच पाहा. निफाड आणि दिंडोरी भागात ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते आणि तिथून साधारण १२० ते १३० दिवसांनी माल काढणीस येतो, म्हणून फेब्रुवारी आणि मार्चमध्ये नाशिककरांना उत्तम द्राक्षे खायला मिळतात. बागलाण भागात छाटणी पावसाळ्यातच उरकून लवकर माल घेतला जातो आणि डिसेंबरच्या आसपास तो बाजारात येतो. तो पिकवण्यात फार मोठी जोखीम आहे, कारण ऐन फुलोऱ्यात पाऊस असतो, आणि त्या शेतकऱ्यांच्या कष्टांविषयी मला मनापासून आदर आहे. त्यांनी पूर्ण तयार होऊ दिलेला माल गोडच असतो. परंतु हंगामाच्या आरंभी भाव चढा असल्यामुळे काही माल मण्यांत पाणी उतरल्यावर लगेचच, म्हणजे मणी मऊ होऊ लागताच, खुडला जातो. निर्यातीच्या मालात आम्ही रिफ्रॅक्टोमीटरवर साधारण १६ ते १८ अंश ब्रिक्स पाहतो, म्हणजे १०० ग्रॅम रसात तेवढे ग्रॅम विद्राव्य घटक, ज्यांत बहुतांश साखरच असते. घाईने खुडलेला घड तिथपर्यंत पोहोचलेला नसतो. बाहेरगावचा माणूस डिसेंबरात असा घड खातो आणि नाशिकच्या द्राक्षांचे एवढे कौतुक का करतात, असे विचारतो, तेव्हा मला फार वाईट वाटते.

घेताना घडाच्या खालच्या टोकाचा मणी चाखून पाहावा. वरच्या खांद्याचे मणी आधी गोड होतात आणि टोकाचे शेवटी, त्यामुळे टोक गोड असेल तर सबंध घडाची काळजी उरत नाही. हिरव्या वाणात किंचित पिवळसर, अंबर छटा आली असेल तर गोडी उतरली आहे असे समजावे. मण्यांवरचा पांढुरका थर हा बहुधा सालीचे नैसर्गिक मेण असते. त्यावरून माल नाकारू नये, मात्र खाण्यापूर्वी द्राक्षे नीट धुवावीत.

स्ट्रॉबेरीलाही हाच नियम लागू पडतो. सुरगाण्याच्या घाटमाथ्यावर बोरगावच्या बाजूला, सापुताऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, शेतकरी त्याच दिवशी खुडलेली स्ट्रॉबेरी विकतात. ती देठापर्यंत लाल असते, तिचा वास दोन हातांवरून येतो आणि ती दुसऱ्या दिवशी मऊ पडते. लांबच्या शहरांसाठी भरलेल्या डब्यांत मात्र खांद्याशी पांढरी राहिलेली फळे असतात, कारण पूर्ण पिकलेले फळ एवढा प्रवास सोसत नाही. ज्यांनी फक्त ती डब्यातली खाल्ली आहे त्यांना स्ट्रॉबेरी म्हणजे रंगीत आंबटपणा वाटतो, आणि त्यात त्यांचा काहीच दोष नाही.

निवृत्त गृहविज्ञान शिक्षिका यांचे उत्तर

बागायतदार दादांनी काढणीविषयी लिहिले आहे ते योग्यच आहे. मी खाण्याच्या पद्धतीविषयी लिहिते, कारण अ‍ॅव्होकॅडो आणि किवी या दोन फळांवर आपल्याकडे केवळ अपुऱ्या माहितीमुळे अन्याय होतो असे माझे ठाम मत आहे.

अ‍ॅव्होकॅडो झाडावर असेपर्यंत मऊ होत नाही. तो काढल्यानंतरच पिकतो. दुकानात मिळतो तो बहुधा कच्चा असतो. कागदी पिशवीत केळ्यासोबत ठेवला तर केळ्यातून बाहेर पडणाऱ्या इथिलीन वायूमुळे तो काही दिवसांत तयार होतो. देठाजवळ हलके दाबल्यावर किंचित दबला की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी संपवावा, अन्यथा तो आतून काळा पडतो. आणि मुख्य गोष्ट म्हणजे त्याच्याकडून गोडीची अपेक्षा धरू नये. त्यात साखर जवळजवळ नसते आणि स्निग्धांश सुमारे १५ टक्के असतो, त्यामुळे त्याचे काम फळाचे नसून लोण्याचे आहे. मेक्सिकोत तो कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ आणि लिंबू घालून ठेचतात, म्हणजे आपण कोशिंबीर करतो त्याच घटकांनी. नुसता चमच्याने खाणाऱ्याला तो बेचवच लागणार. शिवाय दक्षिण भारतातून येणारे मोठे, हिरव्या सालीचे अ‍ॅव्होकॅडो आणि काळपट, खरखरीत सालीचा हास हा वाण यांत पुष्कळ फरक आहे. पहिल्यात पाणी अधिक आणि तेल कमी असते, म्हणून पहिल्याच वेळी हास खाऊन पाहावा असे मी सुचवीन.

किवी कडक असताना आंबट असतो कारण त्यातील पिष्टाची साखर अजून झालेली नसते. तोही केळ्यासोबत ठेवून मऊ होऊ द्यावा. मिल्कशेक कडू होण्याचे कारण मात्र वेगळे आहे. किवीमध्ये अ‍ॅक्टिनिडिन नावाचे विकर (एन्झाइम) असते, ते दुधातील प्रथिनांचे विघटन करते आणि त्यातून कडवट चवीचे घटक तयार होतात. कच्ची पपई आणि अननस यांतही याच प्रकारची विकरे आहेत. किवीचा गर आधी उकळून थंड केला तर हे विकर निष्क्रिय होते; तसे करायचे नसेल तर किवी दुधात घालूच नये, फोडी करून किंचित काळे मीठ लावून खावा.

ड्रॅगन फ्रूटबद्दल एवढेच सांगते की, फळाची चव केवळ साखरेवर ठरत नाही, साखर आणि आम्ल यांच्या तोलावर ठरते. या फळात आम्ल फारच कमी असल्यामुळे असलेली थोडी गोडीही सपाट लागते. लिंबाचे चार थेंब पिळून आणि चांगले गार करून खाल्ले तर फरक लगेच जाणवतो.

इंदिरानगरचा वाचक यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, तरीही मला थोडा वेगळा मुद्दा मांडायचा आहे. प्रत्येक फिक्या पदार्थाची बाजू घेण्याची गरज नाही. पांढऱ्या गराचे ड्रॅगन फ्रूट वेलीवर पूर्ण पिकलेले असले तरी ते सौम्यच असते, आणि लिंबू पिळून ते सुधारते याचा अर्थ चव लिंबाची आहे. त्याच पैशांत उत्तम सीताफळे येत असतील तर ग्राहकाने सीताफळे घ्यावीत.

सफरचंदाची गोष्ट मात्र अधिक गंभीर आहे, कारण तिथे चव माणसाने हाताने घालवली. आपल्याकडे वॉशिंग्टन या नावाने विकले जाणारे गडद लाल सफरचंद बहुधा रेड डिलिशियस जातीचे असते. ही जात अमेरिकेतील आयोवा राज्यात १९व्या शतकाच्या उत्तरार्धात सापडली, तेव्हा तिचे फळ पट्टेदार होते आणि चवीमुळेच ते नावाजले गेले. पुढे बाजारात लाल रंगाला मागणी असल्यामुळे बागायतदार अधिकाधिक लाल फळे देणाऱ्या फांद्यांवरून कलमे करत गेले. त्यातून असे वाण तयार झाले जे पिकण्याच्या आधीच पूर्ण लाल होतात आणि ज्यांची साल जाड असते. रंग हे पिकण्याचे लक्षण उरले नाही, त्यामुळे फळ लवकर तोडले जाऊ लागले. त्यात भर म्हणून ते कमी प्राणवायूच्या शीतगृहात कित्येक महिने राहते आणि बाहेर येईपर्यंत गर पिठूळ होऊ लागतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हिमाचल आणि काश्मीरहून येणारे ताजे सफरचंद, मग ते दिसायला जरा डागाळलेले का असेना, चवीला त्याच्यापेक्षा कितीतरी सरस असते.

टोमॅटोचेही काहीसे असेच झाले आहे, आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजारामुळे तो आपल्या जिल्ह्याचा जिव्हाळ्याचा विषय आहे. कच्चेपणी देठाजवळ गडद हिरवे न राहता सगळीकडून सारखेच फिकट हिरवे असणारे, म्हणजे पुढे एकसारखे लाल होणारे टोमॅटो जगभरच्या अनेक व्यापारी वाणांत मुद्दाम निवडले गेले. २०१२ साली सायन्स या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की, या एकसारखेपणाला कारणीभूत असलेल्या जनुकीय बदलामुळे फळातील हरितद्रव्याचा विकास कमी होतो आणि त्याबरोबर साखरही घटते. आपण भाजी निवडताना डोळ्यांवर जितका विश्वास ठेवतो तितका नाकावर ठेवत नाही, आणि बाजार आपल्याला नेमके तेच पुरवतो.

मूळ रत्नागिरीचा, आता नाशिक रोड यांचे उत्तर

परदेशी फळांवर चर्चा चालली आहे, परंतु सर्वांत मोठा अपेक्षाभंग मी हापूसच्या पेटीत पाहिला आहे. नाशिकमध्ये मार्चच्या आरंभी भरमसाट दर देऊन पेटी घेणारी मंडळी जेव्हा ‘यात काय विशेष’ असे म्हणतात, तेव्हा कोकणातल्या माणसाला ते ऐकवत नाही, पण त्यांच्या तोंडात गेलेला आंबा पाहता त्यांचे म्हणणे खोटेही नसते.

आंबा झाडावर चौदा आणे तयार झाला की उतरवायचा आणि गवताच्या आढीत घालून सावकाश पिकवायचा, ही आमच्याकडची रीत. चौदा आणे म्हणजे देठाजवळचे खांदे भरून देठाच्या वर आलेले असतात आणि सालीचा गर्द हिरवा रंग उजळू लागलेला असतो. हंगामाच्या सुरुवातीचा दर गाठण्यासाठी दहा-बारा आण्यांचा आंबा उतरवला आणि त्यावर कॅल्शियम कार्बाइडचा वापर केला, तर साल पिवळी होते पण गर आंबट आणि वास नसलेला राहतो. कार्बाइडने फळ पिकवण्यास आपल्या देशात बंदी आहे. नियंत्रित प्रमाणात इथिलीन वायू वापरण्यास परवानगी आहे. मात्र इथिलीनही मुळात कोवळ्या उतरवलेल्या आंब्यात नसलेली चव आणू शकत नाही.

दुसरे दुखणे साक्याचे. बाहेरून निर्दोष, सुवासिक दिसणारा हापूस कापल्यावर आत कोयीजवळ फिकट, स्पंजासारखा, आंबूस भाग निघतो, त्याला आम्ही साका म्हणतो. हा दोष बाहेरून ओळखता येत नाही, म्हणूनच तो अधिक जिव्हारी लागतो. तापलेल्या जमिनीकडून येणारी उष्णता आणि झाडावर गरजेपेक्षा अधिक काळ राहिलेले फळ ही त्याची मुख्य कारणे मानली जातात. त्यामुळे जाणते बागायतदार सकाळी लवकर आंबा उतरवतात, तो उन्हात तापलेल्या जमिनीवर न टाकता लगेच सावलीत नेतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेल्या रत्ना या वाणात साका होत नाही, परंतु पेटीवर हापूस हे नाव नसेल तर शहरातला ग्राहक तिच्याकडे पाहत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

आणखी एक. कोकणातील हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले असून त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे येतात. कर्नाटकातूनही हापूस जातीचा आंबा येतो आणि तो वाईट असतो असे मी म्हणणार नाही. परंतु देवगड किंवा रत्नागिरी या नावाने तो विकला गेला तर खाणाऱ्याची अपेक्षा आणि फळ यांचा मेळ बसत नाही. माझा नाशिककरांना आग्रहाचा सल्ला आहे की, मार्चची घाई करू नये. एप्रिलच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंत आंबा स्वस्तही होतो आणि खऱ्या अर्थाने तयारही असतो. देठाजवळ नाक नेल्यावर वास येत नसेल तर पेटी कितीही पिवळीधमक दिसली तरी घेऊ नये.

गंगापूर धरणाजवळील वायनरीत काम करणारी यांचे उत्तर

फळांखेरीजचा पदार्थ विचारला आहे म्हणून लिहिते. आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांपैकी जे प्रथमच वाइन चाखतात, त्यांच्यापैकी अनेकांचा चेहरा पडतो. द्राक्षाची म्हणजे गोड असणार, असे त्यांनी मनात धरलेले असते. प्रत्यक्षात वाइनची द्राक्षे खाण्याच्या द्राक्षांपेक्षा लहान, जाड सालीची, बियांची आणि अधिक गोड असतात. काढणीच्या वेळी त्यांत बहुधा २२ ते २४ अंश ब्रिक्स असतात. पण आंबवताना यीस्ट ती साखर खाऊन तिचे मद्यार्क करते, आणि कोरड्या वाइनमध्ये साखर जवळजवळ उरतच नाही. लाल वाइन साल आणि बियांसह आंबवली जात असल्यामुळे त्यांतले टॅनिन तिच्यात उतरते, ते लाळेतील प्रथिनांना धरून ठेवते आणि जीभ कोरडी, तुरट होते. हा दोष नसून तिचा स्वभाव आहे, आणि मसालेदार मटणाबरोबर काहींना तोच आवडू लागतो. ज्यांना चाखायचीच आहे अशा प्रौढ व्यक्तींना मी आधी किंचित गोडसर शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन देते, शिराझ ही लाल वाइन नंतर. कोणाला ती आवडली नाही तर मी आग्रह करत नाही.

गंगापूररोडकर यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. किवी आणि दुधाचे कारण आज प्रथमच समजले आणि सासूबाईंनाही ते वाचून दाखवले. इंदिरानगरच्या वाचकांचे म्हणणे मला पटते, तरी मुलांच्या हट्टापायी ड्रॅगन फ्रूट घरी येणारच आहे. तेव्हा ते घ्यायचेच असेल तर कोणते घ्यावे आणि कोणत्या महिन्यांत, एवढे बागायतदार दादांनी कृपया सांगावे.

निफाडचा द्राक्ष बागायतदार यांचे उत्तर

ताई, महाराष्ट्रात ड्रॅगन फ्रूटचा हंगाम साधारण जून ते नोव्हेंबर असतो, त्या काळात स्थानिक फळ घ्यावे. इतर महिन्यांत मिळणारे बरेचसे फळ परदेशातून आलेले असते आणि तेवढ्या प्रवासासाठी ते आधी तोडावे लागते. लाल गराचे फळ पांढऱ्यापेक्षा बहुधा अधिक गोड निघते. पिवळ्या सालीचे सर्वांत गोड असते, पण ते महाग आहे आणि सहज मिळत नाही. सालीवर कुठेही हिरवट झाक नसावी, पाकळ्यांसारखे खवले टोकाशी किंचित सुकू लागलेले असावेत, फळ आकाराच्या मानाने जड लागावे आणि अंगठ्याने दाबल्यावर थोडेसे दबावे. गराच्या मध्यभागी साखर अधिक असते आणि सालीकडे कमी, म्हणून आडव्या चकत्या न करता उभ्या फोडी कराव्यात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला मधला भाग येतो. बाईंनी सांगितल्याप्रमाणे गार करून लिंबू पिळावे.